खंडेनवमीला आलेला ग्राफ

लेसरच्या झोतापुढं मी स्वतःच्या हातानं काळा पत्रा उभा केला, त्यावर झेंडूचा हार टांगला, आणि पत्रा काढायचा विसरून तसाच प्रयोग सुरू केला.

झालं. चूक पहिल्याच ओळीत सांगून टाकली. म्हणजे शेवटी कुणी "अहो, तुमचंच काहीतरी चुकलं असेल" असं लिहायला नको. चुकलंच होतं. प्रश्न तो नाहीच... प्रश्न असा, की एवढी चूक केल्यावर त्या दुपारी आमच्या हाती काहीही लागायला नको होतं. आणि लागलं ते अजून आम्हाला पचलेलं नाही.

अनाकलनीय अनुभवांच्या या सदराचा मी आजवर फक्त वाचक, आणि तोही खवचट. पिंपळ, अमावस्या, मागून आलेली हाक, असलं काही आलं की मी ते बायकोला नाट्यमय आवाजात वाचून दाखवतो. ती म्हणते, "तुम्हाला भूत भेटलं तर बिचारं तेच रस्ता बदलंल." माझा धंदा फिजिक्स शिकवण्याचा. सातारा जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवत हिंडलोय. जिभेवर कापूर पेटवून दाखवतो. (पाटणकडच्या एका शाळेत तो वेळेवर विझवायला विसरलो आणि पुढचे काही दिवस वर्गात हातवारे करून शिकवलं. पण तो विज्ञानाचा दोष नव्हे.) तर असा मी आज इथं लिहितोय. हसा.

मी मूळचा उंब्रजचा, नोकरी सांगलीत. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ते मला अजून पगार देतात. आमची लॅब तळमजल्यावर, मागच्या बाजूला. पूर्वी तिथं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. जमीन भक्कम, खिडक्या बंद, मधोमध दगडासारखं जड टेबल, आणि टेबलावर लेसर.

हा लेसर काय करतो ते सांगतो. घाबरू नका, बैलगाडी शर्यत पाहिलेल्या कुणालाही कळेल.

झेंडा पडतो, बैल सुटतात, धुरळा उडतो. आता समजा तुम्हाला बघायचंय की झेंडा पडल्यावर बैलानं पहिला पाय कुठला उचलला. डोळ्याला ते जमत नाही. कॅमेरा पाहिजे, आणि त्याचा फ्लॅश बैलाच्या पायापेक्षा चपळ पाहिजे. आमचा बैल म्हणजे इलेक्ट्रॉन. हळदीचा जो पिवळा रेणू असतो, त्याच्यावर प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन जागा सोडून सरकतो. तो कसा सरकतो, सरळ जातो की अडखळतो, हे बघायचं. त्यासाठी लेसरचा एक अतिशय चिमुकला ठोका घ्यायचा आणि त्याचे दोन झोत करायचे. पहिला झोत म्हणजे झेंडा. दुसरा म्हणजे फ्लॅश. दुसऱ्याला जरा लांबच्या वाटेनं पाठवायचं, म्हणजे तो किंचित उशिरा पोचतो. त्याची वाट लांब-आखूड करायला एक आरसा रुळावर मागंपुढं सरकवायचा. शर्यत तीच पुन्हा पुन्हा लावायची, फोटो दर वेळी जरासा उशिरा काढायचा, आणि सगळे फोटो ओळीनं मांडायचे. झाला ग्राफ.

केसाच्या जाडीएवढा आरसा सरकला की काही शे फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. फेम्टोसेकंद केवढा? एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद मावतात, तितके सेकंद कुणी मोजत बसलं तर तीन कोटी वर्षं जातील. जगातल्या बड्या प्रयोगशाळा आता याच्याही हजारपट खाली, ॲटोसेकंदात उतरल्यात. आम्ही सांगलीकर फेम्टोवर सुखी होतो... म्हणजे असतो, काही दिसलं असतं तर.

एवढं एकच ध्यानात ठेवा. झेंडा पडला नाही तर बैल सुटत नाही. पहिला झोत हळदीपर्यंत पोचला नाही, तर पडद्यावर सपाट रेष येते. दुसरं काही येऊच शकत नाही.

हा सगळा खटाटोप ज्या पोरीच्या पीएच.डी.साठी चालला होता ती तस्लीम मुलाणी. कोरेगावची. वडिलांचं मसाला कांडप आहे. "सर, माझा शाळेचा पांढरा ड्रेस कधी पांढरा नव्हताच," असं ती सांगते. हळदीचा विषय तिनंच आणला. हळदही घरचीच, तिच्यातला पिवळा रेणू तिनंच वेगळा केलेला. कमी बोलते, पण बोलली की लागतं. मी तिचा गाइड — म्हणजे कागदोपत्री.

आणि वर्षं उलटली तरी सिग्नल नव्हता, पडद्यावर सपाट रेषच. मागच्या गळीत हंगामात एकदा मिळाला होता खरा. पडद्यावर झकास लाटा उठल्या, मी धावत जाऊन कंदी पेढे आणले. मग तस्लीम म्हणाली, "सर, लाटा गाण्याच्या ठेक्यावर येतायत." मागच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, स्पीकर लावून. टेबल थरथरत होतं. पेढे तेवढे वाया गेले नाहीत.

त्यात लेसर आमचा नव्हता. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेनं उसना दिलेला. मुदत संपली, आणि पत्र आलं की दसऱ्याच्या संध्याकाळी ट्रक येईल. तोवर सिग्नल मिळाला नाही, तर तस्लीमची सगळी मेहनत लेसरबरोबर ट्रकमध्ये. मग नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरू करा, नाहीतर सोडून द्या आणि कोरेगावात क्लास काढा. हे ती कधी बोलली नाही. पण त्या आठवड्यात ती डबा न उघडता परत न्यायची, हे मला दिसत होतं.

अशा अवस्थेत खंडेनवमी उजाडली.

आमचे लॅब अटेंडंट जगताप मामा तोफखान्यातनं हवालदार म्हणून रिटायर झालेले. लेसरला ते तोफ म्हणतात. सकाळी बघतो तर मामा दारातच. हातात हार, नारळ, हळदीकुंकू.

"आवं सर, आज खंडेनवमी. तोफंची पूजा केल्याबिगर मी हितनं हालणार न्हाई."

"मामा, आरशावर कुंकवाचा एक कण पडला तर आरसा जळेल."

"मग आरशाला लावत न्हाई. टेबलाला लावतो. पर हार घालणार."

"हार पेटेल."

"पूजंच्या हाराला आग लागती व्हय?"

"लेसरला कुठं ठाऊक आहे तो पूजेचा आहे ते!"

तस्लीम मागून म्हणाली, "घालू द्या की सर. आमच्या कांडपाला अब्बा स्वतः हार घालतात आज."

"आणि मग?"

"मग मशीन बंद. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो."

"बराबर बोलली पोरगी," मामा म्हणाले. "आता तोफ उद्या शिलंगणालाच डागायची."

"उद्या संध्याकाळी ट्रक येतोय मामा. आणि इलेक्ट्रॉनला खंडेनवमीची सुट्टी नसते."

हे वाक्य मी जरा मान वर करून बोललो होतो. आठवलं की अजून कानाची पाळी गरम होते.

शेवटी तडजोड झाली. पूजा करायची, पण काम थांबवायचं नाही. हार जळू नये म्हणून मी पहिल्या झोताच्या वाटेत काळा पत्रा उभा केला. झोत अडवायला असतोच तो, कुणाचे डोळे जाऊ नयेत म्हणून. पत्र्यावर हार टांगला. हार चांगला घसघशीत होता, पत्रा पार झाकून गेला. मी उदबत्तीला नमस्कारही केला... सवयीनं.

तेवढ्यात मामांनी दुसराच पराक्रम केला. नारळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या झोताच्या वाटेवरचा तो आरशाचा रूळ त्यांनी स्क्रू सैल करून नारळाएवढा मागं ढकलला. त्या वेळी मी जे बोललो ते कुठलंही मासिक छापणार नाही. मामा शांतपणे म्हणाले, "सैन्यात याच्यापेक्षा बरं शिकिवत्यात." रूळ परत पुढं आणायचा तर सगळं नव्यानं बसवावं लागलं असतं, आणि तसंही नव्यानं बसवावं लागणारच होतं. म्हणून तो आहे तिथंच ठेवून दुपारपर्यंत मी दुसरा झोत जुळवत बसलो. पहिल्या झोताला कुणी हात लावला नव्हता. मग तिकडं बघायचं कशाला? आणि बघून दिसलंही नसतं — पहिला झोत जांभळा, डोळ्यावरचा गॉगल नेमका तोच रंग अडवणारा, आणि हळदीची कुपी काळ्या कापडाखाली.

दुपारी पुण्याच्या संस्थेतल्या श्रोत्री मॅडम आल्या. लेसर नीट पॅक होतोय का ते बघायला. बाई हुशार, तोंडानं फटकळ. टेबलावरचा नारळ बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आम्ही शेवटचा म्हणून प्रयोग लावला. रुळावरचा आरसा आपोआप सरकत होता, पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता. सपाट. सपाट. मामांच्या घरनं कडाकण्या आल्या होत्या. मी त्या मॅडमपुढं केल्या आणि उसनं हसून लेसर किती गुणी होता वगैरे बोलू लागलो, जसं पोरगी सासरी पाठवताना बोलतात.

"सर," तस्लीम म्हणाली. तिच्या हातातली कडाकणी तशीच अर्धी. "कॉम्प्युटरला हात लावू नका."

"मी कुठं लावतोय?"

"श्वास पण जरा तिकडं घ्या."

ठिपके वर चढत होते.

हळूहळू नव्हे. ठेच लागल्यासारखे उचलले गेले, मध्येच एके ठिकाणी जरासे खाली आले, आणि मग वर गेले ते गेलेच. मी मागच्या रस्त्याकडं कान लावला. ट्रॉली नाही, गाणं नाही. आरसा रुळाच्या शेवटाला पोचला आणि परत फिरला. परतीच्या वाटेवर दुसरा ग्राफ आला, तो पहिल्यावर तंतोतंत बसला. ती मधली बारीक खाच सुद्धा.

मॅडम खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या. "ही खाच कसली?"

"माहीत नाही," तस्लीम म्हणाली. "ही अपेक्षित नव्हती."

"बैल सुटायच्या आधी एक पाऊल मागं घेतो तसा इलेक्ट्रॉन..." मी सुरू झालो.

"मोहिते, थांबा जरा." त्यांनी पडद्यावरच्या खाचेवर बोट ठेवलं. "हे खरं असेल तर हे कुणाकडंच नाही." आणि फोन काढून पुण्याला लावला. "ट्रक थांबवा. हो, सांगलीचा. लेसर राहू दे इथं."

मामांनी मला सॅल्यूट ठोकला. मी तो घेतलासुद्धा.

तस्लीम दुसरी कुपी लावायला गेली. तिनं काळं कापड उचललं, आणि तशीच उभी राहिली. कापड हातात.

"काय गं?"

"सर... हळद चमकत नाहीये."

जांभळा प्रकाश पडला की हळदीचं द्रावण हिरवट पिवळं लखलखतं. ते तर गॉगलमधूनही दिसतं, चुकूच शकत नाही. कुपी अंधारी होती. लेसर गुणगुणत होता, सगळे दिवे हिरवे, आणि कुपी एखाद्या बंद डोळ्यासारखी. मी झोताच्या वाटेनं उलटा उलटा बघत गेलो. आरसा. आरसा. झेंडूचा हार.

हार उचलला. पत्रा.

अंगावर सरसरून काटा आला. आणि खरं सांगू का, तो पहिला काटा भुताखेतांचा नव्हता... मॅडम अजून फोनवर होत्या. मी तस्लीमला डोळ्यांनी खूण केली. कसली केली ते माझं मलाही ठाऊक नाही. "जरा थांब" अशी असावी. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"मॅडम, पहिला झोत बंद होता. सगळा वेळ."

फोन खाली आला.

"कुणी बंद केला?"

"मी," मी म्हणालो.

"का?"

"हार जळू नये म्हणून."

मॅडम पत्र्याजवळ आल्या. "मोहिते, या क्षेत्रात माझं आयुष्य गेलं. हे कारण मी पहिल्यांदा ऐकतेय." मग फोन परत कानाला लावला. "उद्याचा ट्रक येऊ द्या."

तस्लीमचा चेहरा मला अजून दिसतो. रडली वगैरे नाही. तिनं कापड घडी घालून ठेवलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

पण श्रोत्री मॅडम अस्सल फिजिक्सवाल्या. ट्रक एका बाजूला आणि कोडं एका बाजूला. त्यांनी पत्रा हातात घेऊन दिव्यासमोर धरला, भोक शोधलं. नव्हतं. पत्रा परत तिथंच, हार परत तसाच, आणि प्रयोग पुन्हा लावला. सपाट रेष. आणखी एकदा. सपाट. म्हणजे यंत्र शहाणं होतं, प्रकाश नसताना काही दाखवत नव्हतं. मग तासाभरापूर्वी काय दाखवलं?

"आता पत्रा काढून लावू," मी म्हणालो आणि हात पुढं केला.

तेवढ्यात लाइट गेली.

सांगलीत लाइट जाण्याला मी अमानवीय म्हणणार नाही. पण लेसर थंड पडला, आणि तो पुन्हा स्थिर व्हायला अर्धा दिवस घेतो. अंधारात मामांचा आवाज आला, "सांगितलं व्हतं. आज हत्याराला इस्रांती."

दसऱ्याला सकाळी आम्ही चौघं परत टेबलाशी. मॅडम हॉटेलात राहिल्या होत्या, जाऊ शकल्या असत्या, गेल्या नाहीत. पत्रा काढून मी तो लॅबच्या बाहेर, व्हरांड्यात नेऊन ठेवला. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. तस्लीमनं रुळावरचा आरसा नेमका तिथं आणला, जिथं आदल्या दिवशी ठिपके उचलले गेले होते. "कालचा ग्राफ खोटा असेल तर इथं काही नसणार," ती म्हणाली. "खरा असेल तर इथंच असणार."

या वेळी मी आधी कापडाची कड उचलून बघितली, आत हिरवट पिवळा उजेड होता. तो बघूनच मला भरून आलं, आधी कधी त्याची एवढी किंमत वाटली नव्हती.

ठिपके सुरू झाले. सपाट. सपाट. मी मान फिरवली, मला बघवेना. मामा पडद्याकडं बघत होते, मी मामांच्या चेहऱ्याकडं. त्या मिशा हळूहळू वर गेल्या. मग मामांनी जी आरोळी ठोकली ती मिरजेपर्यंत गेली असावी. "डागली रं गड्या! डागली!"

चढण. तिथंच. खाच. तिथंच. मॅडमनी कालचा ग्राफ आजच्यावर ठेवला आणि दोन्ही एकमेकांत असे विरले, की कुठला कुठला ते रंगावरनं ओळखावं लागलं. फरक एकच. आजच्यात थोडी खडखड होती, खऱ्या मोजमापात असते तशी. कालचा मात्र गुळगुळीत. कुणीतरी घासून पुसून ठेवल्यासारखा.

दिवसभर आम्ही तो प्रयोग फिरवून फिरवून केला. कुपी बदलून, हळद बदलून, झोत मंद करून. पत्रा ठेवला की सपाट, काढला की खाच. दर वेळी. संध्याकाळी ट्रक आला तेव्हा श्रोत्री मॅडम स्वतः फाटकापर्यंत गेल्या आणि ड्रायव्हरच्या हातावर आपट्याची पानं ठेवून म्हणाल्या, "सोनं घ्या आणि जा." ट्रक रिकामा परत गेला!

तस्लीमनं घरी फोन लावला. स्पीकरवर तिचे वडील सगळं शांतपणे ऐकत होते. इलेक्ट्रॉन, फेम्टोसेकंद, कुणालाच न दिसलेली खाच. शेवटी म्हणाले, "हळद आपलीच हाय न्हवं?"

"आपलीच, अब्बा."

"मग दिसणारच की."

तेव्हा मात्र ती रडली. आणि मग तिनं डबा उघडला.

आता तुमचे प्रश्न. माझेही तेच विचारून झालेत. आधी सिग्नल का मिळत नव्हता, याचं उत्तर आहे, आणि ते माझ्या तोंडावर आपटणारं आहे. वाट मोजताना मी दोन आरशांमधलं एक अंतर दोनदा धरलं होतं. त्यामुळं एवढे दिवस आम्ही भलत्याच जागी फोटो काढत बसलो; बैल सुटायची जागा आमच्या रुळाच्या टप्प्यातच नव्हती. मामांनी नारळासाठी रूळ मागं ढकलला आणि ती टप्प्यात आली. तेव्हा नारळाचं कोडं सुटलं. दिल्लीच्या एका परिषदेत कुणीतरी तस्लीमला विचारलं, "तुम्हाला नेमकी जागा कशी सापडली?" ती म्हणाली, "नारळामुळे." सभागृह हसलं. तिचा चेहरा गंभीरच होता.

पण पत्र्याचं काय?

झोत बाजूनं पाझरला असेल? मग नंतर पत्रा ठेवून सपाट रेष का आली? कॉम्प्युटरनं जुनी फाइल दाखवली? जुनी फाइल होतीच कुठं, त्याआधी आम्हाला फक्त उसाच्या ट्रॉल्या सापडल्या होत्या. कुणी मध्ये पत्रा काढून परत ठेवला? आम्ही चौघंही पडद्यासमोर होतो, दार आतून बंद. आणि समजा मी भ्रमिष्टासारखा काहीतरी घोळ घातला — माझ्या बाबतीत ते सहज मानता येईल — तरी ती खाच? ती आम्हाला माहीतच नव्हती. पुढं पुण्यात त्यांच्या मोठ्या यंत्रावर, आमच्यापैकी कुणी नसताना, तीच खाच त्याच जागी मिळाली. म्हणजे इलेक्ट्रॉन खरंच तसा अडखळतो. जे खरं आहे ते आम्हाला एक दिवस आधी, प्रकाशावाचून, दिसलं. कुणी दाखवलं... की आपोआप दिसलं... इथं माझं फिजिक्स हात जोडतं.

मामांचं मत ठाम आहे. "तोफंनं सुट्टी घेतली. पर गोळा तर टाकायचा व्हता. दुसऱ्या कुणीतरी टाकला."

"कुणी, मामा?"

"मला काय ठावं? मी हवालदार. ते वरच्या साहेबास्नी इचारा."

तो पहिला ग्राफ तस्लीमनं प्रबंधात घातला नाही. म्हणाली, "प्रकाश नसताना आलेला ग्राफ प्रकाशाच्या प्रबंधात कुठं बसवू?" श्रोत्री मॅडमनी त्याची एक प्रत मागून नेली. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर लावलाय म्हणे, खाली काही न लिहिता.

तस्लीम आता डॉ. तस्लीम मुलाणी. लेसर अजून सांगलीतच आहे, आणि कुलगुरूंपासून आमदारांपर्यंत सगळे त्याच्याबरोबर फोटो काढून गेले. कोरेगावच्या कांडपावर तिच्या सत्काराचा फ्लेक्स लागला होता. त्यात ती खाचही छापली होती, फक्त छापणाऱ्यानं उलटी.

यंदाच्या खंडेनवमीला मी हट्टानं सगळं पहिल्यासारखं मांडलं. तोच पत्रा, तसाच हार, नारळ, उदबत्ती, मामांकडच्या कडाकण्या. रूळ त्याच जागी. तस्लीम खास कोरेगावहून आली होती. मी प्रयोग लावला आणि आम्ही पडद्याकडं बघत बसलो. रेष सपाट. परतीची रेष सपाट. मामा जांभई देऊन बाहेर गेले.

"सगळं अगदी तसंच केलंय," मी म्हणालो. "एक गोष्ट बदलली नाही. मग यंदा का येत नाही?"

तस्लीमनं कडाकणीचा तुकडा मोडला, नीट चावून खाल्ला, आणि म्हणाली, "सर, तेव्हा प्रकाश नसताना जमलं होतं. आता एकदा तुम्ही नसताना करून बघू."